कापलेली पेन्शन

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या होडीत ते गृहस्थ एका जागी बसतच नव्हते. कधी डोलकाठी धरून उभे राहत, कधी छत्री उघडून लगेच मिटत. देवी टोचण्याच्या कामातून ते निवृत्त झाले होते. खाडीकाठी साथ आली म्हणून सरकारने त्यांना तात्पुरतं परत बोलावलं, आणि त्या महिन्यांची पेन्शन कापली. मी मामलेदार कचेरीत कारकून आहे हे कळताच ते उसळले.

"पेन्शन कापताना मी नोकरीत असतो, आणि ताप आला म्हणून रजा मागितली की निवृत्त! आज ही लशीची पेटी मामलेदारांपुढे ठेवतो आणि मोकळा होतो."

समोरच्या बाईने तान्ह्या मुलाचा दंड पुढे केला. "काका, तुमी टोचलं ते उठलंच न्हाय, फोडच आला न्हाय. आनि शेजारच्या घरात देवी आल्यात."

त्यांनी दंड निरखून पाहिला. मग धक्का येईपर्यंत ते छत्रीची मूठ नुसती फिरवत राहिले.

उतरल्यावर मी कचेरीच्या वाटेला लागलो. ते पेटी घेऊन बाईच्या मागोमाग निघाले होते. थोडं जाऊन घाईघाईने माझ्याकडे परत आले.

"मामलेदारांना सांगू नका हं," ते म्हणाले, "मी येणार होतो ते."