कुमुदताई आणि दुसऱ्या हाताची वही

कुमुदताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात तुम्हीही लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. निरोप आणणाऱ्यांना वाटलं, बाई विनयाने आढेवेढे घेतेय. विनय कसला! मी जन्माची भित्री. फोन वाजला तरी दचकणारी. शिवाय ताईंविषयी खरं लिहायचं तर माझी एक लबाडी चारचौघांत सांगावी लागणार. ती गाळून लिहिलं तर ताई मला केंद्राच्या दारातसुद्धा उभं करणार नाहीत. तेव्हा सांगतेच.

ताईंची आणि माझी पहिली भेट अकरा वर्षांपूर्वी बोर्ली पंचतनला झाली. मुंबईच्या इस्पितळातून फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त होऊन त्या इकडे आल्या होत्या. बाजाराच्या मागे शाळेची एक रिकामी खोली होती. तिथे दर मंगळवारी त्या चालायला, बसायला, गिळायला त्रास असलेली मुलं बघत. हेच त्यांचं केंद्र. माझी पूर्वा तेव्हा तीन वर्षांची होती. जन्मताना ती रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान धरत नव्हती, बोलत नव्हती, फिट यायच्या. आमच्या गावच्या आशा सेविकेने मला अक्षरशः ढकलत तिथे नेलं.

मला वाटलं, मोठ्या इस्पितळातल्या बाई, पोरीला उचलतील, हातपाय वाकवून बघतील. ताईंनी तिला बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाल्या, "घरी भरवतेस तसं भरव." मी पूर्वाला मांडीवर आडवी घेतली, मान मागे टाकली आणि पेजेचा चमचा ओतला. आमच्याकडे बाळं अशीच भरवतात. मीही तशीच वाढले. पूर्वा ठसकली, निळी पडली, मी तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागले. हे आमचं रोजचं होतं. रोज तीन वेळा माझा जीव टांगणीला लागायचा.

पोर सावरल्यावर ताई मला म्हणाल्या, "आता तू झोप."

"मी?"

"हो, तूच. इथे, सतरंजीवर. मान मागे टाक."

आणि त्यांनी माझ्या तोंडात तीच पेज चमच्याने ओतली. अगंबाई! गिळू की श्वास घेऊ, काही कळेना. उठून बसले तर नाकातून पेज आणि डोळ्यांतून पाणी. बाकीच्या आया हसल्या नाहीत. त्या सगळ्या त्याच सतरंजीवर झोपून उठलेल्या होत्या. मग ताईंनी मला सरळ बसवलं, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली आणि दुसरा चमचा खालच्या बाजूने आणला. तो अलगद उतरला. "कळलं?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी सुतार बोलावून आंब्याच्या लाकडी पेटीची पूर्वासाठी खुर्ची करून घेतली. कमरेला पट्टा माझ्याच जुन्या साडीचा. त्या खुर्चीत पूर्वाने पहिल्यांदा न ठसकता वाटीभर पेज खाल्ली. मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडत होते.

त्या काळात मी गावदेवीपुढे उभी राहून एकच मागणं मागायचे, "आई, माझ्या आधी एक दिवस तरी हिला ने." ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना हे ऐकून माझा राग येईल. येऊ दे. ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा. माझ्यामागे हिचं कोण, या भीतीने मी उभी वाळले होते. एकदा हे ताईंपुढे तोंडातून गेलं. मला वाटलं, त्या जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "तुझ्याशिवाय हिला कोण भरवतं?"

"कोणीच नाही."

"म्हणून असलं मागणं मागतेस," ताई म्हणाल्या आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

ही वही म्हणजे ताईंच्या कामाचा कणा. डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे ‘दुसरा हात’. आईखेरीज घरातलं किंवा शेजारचं एक माणूस असं हवं, ज्याला मुलाला बसवता, भरवता, उचलता येतं. त्या माणसाला ताई समोर बसवून तीन वेळा भरवायला लावतात, मगच नावापुढे सही करतात. दुसरा हात नसेल तर मुलाला घेणार नाही, असा दमसुद्धा देतात. घेतात मात्र सगळ्यांना. दिघीचा एक खलाशी बाप, सहा फुटी गडी, "हे बायकांचं काम आहे" म्हणून दाराबाहेर बिडी ओढत बसायचा. ताईंनी त्याला आत बोलावून सतरंजीवर झोपवला आणि चमचा ओतला. ठसका ओसरल्यावर तो कितीतरी वेळ आपल्या मुलाकडे बघत बसला. आता बोटीवरून आला की पहिलं मुलाला भरवतो, मग स्वतः जेवतो.

दोन वर्षांनी ताईंनी मला कामावर घेतलं. घरोघरी जायचं, आयांना शिकवायचं. मी दुनियेला दुसऱ्या हाताचं महत्त्व सांगत फिरायचे आणि माझ्या स्वतःच्या घरात दुसरा हात नव्हता! नवरा उरणला कंटेनरच्या यार्डात, पंधरा दिवसांनी यायचा. सासूबाई पूर्वीच गेलेल्या. घरी मी, पूर्वा आणि सासरे, म्हणजे आबा. आबा बिचारे कितीदा म्हणाले, "सूनबाय, माला शिकव गं. मी भरवतो पोरीला." मी त्यांच्या हातांकडे बघायचे. जन्मभर भातशेती केलेले जाड हात, त्यात वयाने आलेला कंप. मी म्हणायचे, "नको आबा, तुमचे हात कापतात."

ताईंनी वहीसाठी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आबा शिकलेत." ताईंनी सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून, न तपासता केली.

मग तो दिवस आला. मुरूडच्या बाजूला एका मुलाला बघायला ताई आणि मी सकाळच्या फेरीबोटीने दिघीहून आगरदांड्याला गेलो. मी नेहमीसारखा हिशोब केला होता, बाराच्या फेरीने परत, दोनला पूर्वाचं जेवण. त्या जेवणात तिची फिटची गोळी कुटून घालायची असे. ती चुकली की फिट हमखास. धक्क्यावर आलो तर वारं सुटलेलं, धोक्याचा बावटा लागलेला, बोट बांधून ठेवलेली. "आज न्हाय जायची आता," धक्क्यावरचा माणूस म्हणाला. समोर दिघी दिसत होती. डोळ्यांना दिसत होती हो, आणि जाता येत नव्हतं!

माझा चेहरा बघून ताई म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? आबा आहेत ना घरी."

तेव्हा मी सांगितलं. "ताई, मी खोटं बोलले. आबांना काही येत नाही. मी कधी हात लावूच दिला नाही."

मी त्यांना इतकी वर्षं बघतेय, त्या रागावल्या की खोली दणाणते. त्या दिवशी त्या नुसत्या धक्क्याच्या कट्ट्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "फोन दे."

फोन लागला. ताईंनी आवाज बाहेर ऐकू येईल असा केला. "आबा, कुमुद बोलतेय. घाईचं काही नाही. पूर्वाला खुर्चीत बसवा. पट्टा लावा. बसली सरळ?"

"व्हय. बसवली."

"गोळी कुटून पेजेत घाला. पेज घट्ट हवी, पातळ नको. हनुवटी खाली. चमचा खालून आणा, अर्धाच भरा. गिळलं की गळ्याशी हललेलं दिसतं. ते दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही."

आम्ही ऐकत होतो. भांड्याचा आवाज. आबांचा श्वास. एक चमचा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला पूर्वा खोकली. मी किंचाळले, "थांबवा! आबा, थांबवा!" ताईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "खोकू दे. खोकतेय म्हणजे श्वास चालू आहे. आबा, थांबा जरा. तिला पुढे झुकवा..."

आणि फोन बंद पडला. परत लावला, लागेना. दहादा लावला. वाऱ्याने पलीकडचं नेटवर्कच गेलं होतं. पूर्वाचा तो खोकला माझ्या कानात अर्धवट राहिला. पुढे काय झालं, ते कोण सांगणार? शेजारची सगळी शेतात गेलेली. मी धक्क्यावर फतकल मारून बसले आणि पोर गेली, पोर गेली, असं काहीतरी बरळत होते म्हणे. मला आठवत नाही.

ताईंनी कुठून कोण जाणे, बर्फ पोचवून रिकामा परत निघालेला एक टेम्पो गाठला. खाडीला वळसा घालून, म्हसळ्यावरून निघालो. बोटीने अर्ध्या तासाचं अंतर, रस्त्याने सगळी दुपार. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर मी देवीला दुसरं काहीच मागत नव्हते, एवढंच म्हणत होते, "आई, मी मागितलं होतं ते खरं करू नकोस. मी चुकून बोलले गं." मागणं आपण तोंडाने टाकलेलं असतं आणि एक दिवस ते ऐकलं जाईल ही भीती काय असते, ते त्या टेम्पोत कळलं.

ताईंनी माझा हात धरला होता. मी भानावर आले तेव्हा लक्षात आलं, त्यांचा हात माझ्या हाताहून गार होता. मी त्यांच्याकडे बघितलं. "मलाही भीती वाटतेय," ताई म्हणाल्या. "रोज वाटते. प्रत्येक मुलाच्या पहिल्या चमच्याला वाटते." धीर द्यायला त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. खोटा धीर त्यांनी कधी कोणालाच दिलेला नाही.

दिवे लागायच्या सुमारास घरी पोचलो. दारातूनच दिसलं, पूर्वा खुर्चीत, मान एका बाजूला कललेली. मी दारातच थांबले. ताई पुढे झाल्या. तेवढ्यात आबा म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

रिकामी वाटी बाजूला होती. आबांनी जमिनीवर चिंचोके ओळीने मांडले होते, एका चमच्याला एक. एकोणीस. "इसाव्याला तोंड फिरवलान तिनं," ते म्हणाले, "म्हून थांबलो. गोळी पोटात गेली सगळी."

मी विचारलं, "फोन बंद पडल्यावर काय केलंत?"

"काय करायचं? फोन मेला म्हून पोरीला उपाशी ठेवू काय? पुढं झुकवली, खोकून मोकळी झाली, परत बसवली. गळा हलला की पुढचा चमचा." मग आपल्या हातांकडे बघून म्हणाले, "कापतात खरे. म्हून डाव्यानं उजवा धरला."

कुमुदताई आमच्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, आता मला फाडून खाणार. आबांसमोर त्यांनी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात मात्र माझी अशी खरडपट्टी काढली की बाहेरच्या चहावाल्याने गिऱ्हाइकाच्या चहात दोनदा साखर घातली. नंतर वही उघडून जुनी सही खोडली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘तपासलं नाही. चूक माझी.’ मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे." म्हणाल्या, "तुझी तू लिही. ही माझी आहे." त्यांच्या चुकीखाली मी माझी लिहिली. ते पान आजही नव्या येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला दाखवतात आणि सगळ्यात आधी तिच्याच घरी जाऊन दुसरा हात तपासतात. आबांची तीन वेळांची परीक्षा घेतली ती मात्र फार प्रेमाने. आबा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून आले होते.

ताईंमध्ये दोष नाहीत असं नाही. चिडक्या आहेत. त्यांच्या हातचा चहा म्हणजे गरम पाणी. कोणाची पोर आजारी पडली तर त्या घरी चार फेऱ्या मारतील, पण स्वतःचं औषध वेळेवर घेतील तर शपथ. गेल्या वर्षी केंद्राच्या पायरीवर पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. इस्पितळाच्या बाकावर बसले आणि तीच जुनी भीती नव्या नावाने आली. ताईंमागे या मुलांचं कोण?

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली मागितली ती वही. शेवटचं पान उघडून त्यांनी डावीकडे केंद्राचं नाव लिहिलं आणि उजवीकडे माझं. मी म्हटलं, "ताई, मी? अहो, मी किती भित्री, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घाबरणारं माणूस चमचा अर्धाच भरतं. पण सही नाही केलीय हं. तीन वेळा तुला केंद्र चालवताना बघणार, मग करणार."

त्यातल्या दोन परीक्षा झाल्या आहेत. तिसरी परीक्षा त्या मुद्दाम लांबवताहेत असा माझा संशय आहे, आणि मीही घाई करत नाही.

प्रथेप्रमाणे आता शुभेच्छा द्यायच्या. पूर्वा चौदा वर्षांची झाली. आबा आहेत, नवरा गेल्या वर्षी शिकला, शेजारच्या वहिनींचीही सही झाली. आमच्या पानावर उजवीकडे तीन नावं आहेत. परवा गावदेवीला गेले होते. आधी ताईंसाठी हात जोडले: आई, त्यांना शंभर वर्षं दे, खुबा धड ठेव, चिडण्याची ताकद शाबूत ठेव. मग नेहमीच्या जागी उभी राहून माझं मागणं मागितलं. भीती अजून तेवढीच आहे. पण या वेळी म्हटलं, "आई, पूर्वाला माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त दे."