बँकॉकला गेलेल्या दशम्या

बँकॉकला कुठे उतरावं, असं मला आजही कुणी विचारलं की मी लगेच सांगते: नदीकाठी. राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नदी येत नाही, राजवाडाही येत नाही. एका बाईचा चेहरा येतो आणि मला बरं वाटतं.

मी मुळातच डूख धरणारी आहे. लहानपणापासून. आई म्हणायची, हिला कुणी चिमटा काढला तर ही रडत नाही, वार लक्षात ठेवते. लग्न होऊन अमेरिकेत शॉमबर्गला आले तेव्हा सामानात बाकी काय आणलं ते आठवत नाही, पण हा स्वभाव आणला होता.

लग्नाआधी पुण्यात मी एका छोट्या टूर कंपनीत होते. आग्नेय आशियाचं टेबल माझं. कागदावर सहली आखायचे आणि वर्षातून दोन-तीनदा ग्रुप घेऊन स्वतःही जायचे. बँकॉक मला हडपसरपेक्षा जास्त ठाऊक होतं. मराठी माणसांची सहल आखताना मी नकाशा नंतर बघायचे, आधी त्यांचे गुडघे बघायचे. लॉजला लिफ्ट आहे का, संडास कसला आहे, सकाळी सातला चहाला गरम पाणी मिळेल का, दुपारी दोन तास आडवं होता येईल का. राजवाडा उघडल्या उघडल्या गाठायचा, ऊन चढायच्या आत. आतल्या लांबच लांब ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, तिथे सावलीत माणसांना बसवायचं. मग शेजारचा आडवा झोपलेला बुद्ध, मग होडीतून पलीकडचं देऊळ, मग जेवून झोप. या क्रमाने नेलं की सत्तरीचा माणूसही हसत परत येतो.

शॉमबर्गला हे सगळं संपलं. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मी आलेली, आणि माझ्या व्हिसावर काम करायला बंदी. बाहेर बर्फ, घरात मी आणि डिशवॉशर. नवरा सकाळी ड्राइव्ह करून ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मी काय करते असं कुणी विचारलं तर 'घरीच असते' एवढंच उत्तर होतं.

अशात वहिनी भेटल्या. त्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांच्याच वहिनी, माझ्या आईच्या वयाची माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायची. वीस-बावीस वर्षं अमेरिकेत, मोठं घर, बेसमेंटमध्ये पडदा आणि प्रोजेक्टर. मंडळात कुणाचा गणपती कुणाच्या घरी बसेल हेही त्याच ठरवायच्या. चार कुटुंबं मिळून भारतात जाताना वाटेत बँकॉक करायचं त्यांनी ठरवलं आणि मला फोन केला. "तुला यातलं कळतं म्हणे. जरा प्लॅन करून दे ना."

मी अक्षरशः नाचत केलं ते काम. फोनकार्ड खरवडून थायलंडला फोन लावले. नदीकाठच्या ज्या लॉजमध्ये मी आमचे ग्रुप उतरवायचे तिथली मालकीणबाई मला अजून ओळखत होती. तिच्याकडे खोल्या धरल्या, होडीच्या वेळा काढल्या, राजवाड्यात जाताना खांदे झाकलेले हवेत हेसुद्धा लिहून दिलं. कित्येक महिन्यांनी मी परत मी झाले होते.

ते परत आले आणि वहिनींच्या बेसमेंटमध्ये पॉटलक ठेवून स्लाइड शो झाला. मी मटार उसळ घेऊन गेले होते. पडद्यावर माझी नदी, माझी ओवरी, माझा लॉज. लोक म्हणाले, "वहिनी, काय अरेंज केलंय." वहिनी म्हणाल्या, "रात्र रात्र नेटवर बसून रिसर्च केलाय मी." मी मागे उभी होते. कुणीतरी माझ्याकडे बोट करून विचारलं, हिने पण मदत केली ना? तर वहिनी हसून म्हणाल्या, "हो तर, टायपिंग केलं तिने. घरीच असते ना, तेवढाच तिचा वेळ जातो."

तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बीळ खणणारीलाच टायपिस्ट म्हणायचं. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार." मी म्हटलं, कुठे जाऊ दे? मला येतं असं एकच काम होतं, तेही ती घेऊन गेली. त्याने रेडिओ लावला.

पुढच्या वर्षी आई आली, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. आईला बँकॉकची भिंत बघायची होती. मी पुण्याला असताना दर दौऱ्याहून परत आले की तिला त्या रामायणाचं वर्णन सांगायचे, तिथला मारुती ब्रह्मचारी नाही, मासळीच्या राजकन्येशी लग्न करतो, हे ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची. आणि मग म्हणायची, "लोकांच्या आया फिरवतेस तू." रागाने नाही म्हणायची, पण म्हणायची. आता ती परत जाताना बँकॉकवरूनच जावी आणि तिने ती भिंत बघावी, हे मी ठरवून टाकलं. मला बरोबर जाता येत नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसाचे कागद अडकले होते, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येण्याची खात्री नव्हती. एकटीला पाठवायचं तर आई कधी एकटी विमानात बसलेली नाही. येतानाही कुणाची तरी सोबत बघून आणलं होतं.

तेवढ्यात वहिनींनीच जाहीर केलं: उन्हाळ्यात त्या भारतात जाणार आहेत, तर मंडळातल्या सगळ्या आईबाबांना बरोबर नेतील, वाटेत दोन दिवस बँकॉक. मी नाक मुठीत धरून आईचं नाव दिलं.

वहिनी घरी आल्या तेव्हा आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. वहिनी म्हणाल्या, "मागचाच प्लॅन आहे, फक्त हॉटेल चेंज केलंय. मागच्या वेळी दोन दिवस भात खाऊन वैताग आला. या वेळी गुजराती थाळीवाल्याच्या शेजारचं हॉटेल घेतलंय. सिनियर्सना पोळी लागतेच."

हे फक्त आपलीच माणसं करू शकतात. पोळीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहायचं. मी समजावायला लागले. "वहिनी, तिथून राजवाडा गाठायचा म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो. दुपार कलली की आत सोडत नाहीत. थाळीवाला उघडणार उशिरा, तोवर ऊन चढलं की या लोकांचे पाय..."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "अगं, तू टायपिंग छान करतेस. पण ग्रुप सांभाळणं वेगळं असतं."

ओट्याशी आईचं लाटणं क्षणभर थांबलं, मग परत सुरू झालं. वहिनी गेल्यावर आईने काही विचारलं नाही. पण माझं ठरलं होतं. या बाईला मी बँकॉकच्या विमानतळावर एकटी उभी करणार.

आमच्याकडची म्हातारी माणसं थंडीत मॉलमध्ये फिरायला जातात. दुकानं उघडायच्या आधी दारं उघडतात, आत ऊब असते, फरशी सपाट असते. सुना आणि मुलं ऑफिसला जाताना त्यांना तिथे सोडतात. काका लोक स्वेटर-मफलरमध्ये, काकू साडीवर स्पोर्ट्स शूज घालून. तीन फेऱ्या मारायच्या आणि कारंज्यापाशी बाकावर बसून सुनांबद्दल बोलायचं. वहिनींच्या ग्रुपमधली सगळी माणसं त्याच बाकावर बसायची. मी एके सकाळी आईबरोबर तिथे गेले, डबा घेऊन.

डब्यात दशम्या होत्या. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे तीन-चार दिवस टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी. आपल्या आज्या गाडीच्या प्रवासाला न्यायच्या त्याच. माझा सगळा कट या दशम्यांवर उभा होता. पोळी बरोबर असेल तर थाळीवाला कशाला हवा?

मी कुणाला काही विकलं नाही. फक्त म्हटलं, "आई नदीकाठच्या लॉजवर उतरणार आहे. मी धरलीय खोली. पोळीची सोय ही अशी." एका काकांनी दशमी तोंडात टाकली, हळूच विचारलं, "तिथून तो राजवाडा किती लांब?" मी म्हटलं, तुमच्या मॉलच्या एका फेरीइतका. काका म्हणाले, "आणि वहिनींच्या हॉटेलपासून?" मी गप्प बसले. गप्प कधी बसायचं हे टूरवाल्यांना नीट कळतं.

आठवडाभरात एकेकाचे फोन आले. "आमचंही तिथेच बघ ना पोरी. पण वहिनींना..." मी म्हणायचे, वहिनींना इथे काही सांगू नका, उगाच वाद होतील. तिथे उतरल्यावर सांगा. वाद टाळायला मी असं म्हणत नव्हते. मला तो क्षण विमानतळावर, सगळ्यांसमोर हवा होता. मंडळात गुपित टिकत नाही, पण हे टिकलं. वहिनींच्या त्या बेसमेंटमध्ये प्रत्येकाच्या मुलाला नाहीतर सुनेला कधी ना कधी काहीतरी ऐकून घ्यावं लागलेलं होतं.

निघायच्या आदल्या दोन दिवसांत मी आणि आईने मिळून ढीगभर दशम्या केल्या. आई लाटत होती, मी भाजत होते. आईने एकदाच विचारलं, "किती जणांच्या करायच्या?" मी म्हटलं, सगळ्यांच्या. "तिच्याही?" मी म्हटलं, तिच्याशेजारी थाळीवाला आहे.

ओ'हेअर विमानतळावर वहिनी मंडळाचं नाव लिहिलेला बोर्ड हातात धरून उभ्या होत्या. सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या दिल्या होत्या त्यांनी. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस, आईंना नीट फिरवते." मी म्हटलं, "तुमच्यावरच सोपवलंय."

मग दोन दिवस मी फोनपाशी बसून काढले. नवरा म्हणाला, "तू काय क्रिकेटची मॅच ऐकतेयस का?" आईचा फोन आला तो लॉजवरून. आवाज असा, की बाबा गेल्यापासून मी ऐकला नव्हता.

"अगं, विमानतळावर गंमत," आई म्हणाली. बाहेर हॉटेलची मोठी बस उभी होती आणि शेजारी लॉजची गाडी. वहिनी बोर्ड उंच धरून बसकडे निघाल्या. मॉलमधले ते दशमीवाले काका पुढे झाले आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही नदीकाठी उतरतोय." आणि टोपी काढून त्यांच्या हातात दिली. मग दुसऱ्यांनी दिली. मग सगळ्यांनी. वहिनी म्हणाल्या, हे कुणी ठरवलं? सगळे लॉजच्या गाडीत चढले. मोठ्या बसमध्ये त्या एकट्या बसल्या, मांडीवर टोप्यांची चवड घेऊन.

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. रात्री त्यांचा निरोप आला, सकाळी मी आल्याशिवाय निघू नका. आम्ही निघालो. ऊन चढतं ना, तू सांगितलेलंस." आई थांबली. "भिंत बघितली मी. मारुतीपाशी किती वेळ बसले. तुझ्या बाबांना सांगायचं राहिलं एवढंच."

मग आईच म्हणाली, "ऐक की पुढे. आम्ही झोपलेला बुद्ध बघून, लॉजवर जेवून झोपून, संध्याकाळी परत घाटाकडे चाललो होतो. तर राजवाड्याच्या बंद फाटकाशी तुझी वहिनी. आम्हाला शोधत आलेली. सकाळी थाळीवाला उघडला नव्हता म्हणून तशीच निघाली, वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकली, चुकीच्या दाराशी उतरली, काय काय. तोंड उतरलेलं. दिवसभर पोटात काही नाही."

"तू काय केलंस?"

"भुकेल्या माणसाला काय करतात? पर्समधल्या डब्यातली दशमी दिली. उभ्या उभ्या खाल्ली तिने. म्हणाली, किती मऊ आहे, कुणी केली? म्हटलं, माझ्या लेकीने. टायपिंग करून वेळ उरतो ना तिला."

मी हसले. मोठ्याने, स्वयंपाकघरात एकटीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं झालं, यापुढे काय असणार.

"मग तिने आणखी एक मागितली," आई म्हणाली. पलीकडे नदीवरून होडीचा भोंगा ऐकू आला. "म्हटलं, संपल्या. डब्यात चार होत्या."