अनसूया कमानीखाली उभी राहिली

माझ्या वडिलांच्या रागाचं लोक कौतुक करतात तेव्हा मला संताप येतो. "गुणवंत मिस्त्री म्हणजे आग होता, आग!" असं आमच्या ओमती मोहल्ल्यातल्या जुन्या मंडळींनी त्यांच्या तेराव्याला जेवता जेवता सांगितलं आणि आणखी एक लाडू मागून घेतला. आग होते, कबूल. पण त्या आगीवर कधी कुणाचा स्वयंपाक झाला नाही, भाजली ती फक्त माझी आई. त्या पंगतीत हसत हसत सांगितला गेलेला गिरजाघराचा किस्सा मी इथे नीट सांगणार आहे, कारण तो हसण्याचा नाही.

छावणीतलं मोठं गिरजाघर आता लोक गॉथिक म्हणून मिरवतात. मूळचं ते बैठं होतं, गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं, जाड भिंतींचं आणि आत अंधाराचं. पुढे शहर वाढलं, बिशप आला, आणि बिशपाला शोभेल असं कॅथीड्रल हवं म्हणून जुन्या इमारतीला पूर्वेकडे उंच जोड द्यायचं ठरलं. त्या जोडकामावर माझे वडील मुख्य मिस्त्री होते.

जाड भिंतीवर छत टेकवणं कुणालाही जमतं, असं बाबा म्हणायचे. इथे भिंतींना एवढाल्या खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा, म्हणजे भिंत नावापुरतीच. छताचा भार दगडी बरगड्यांमधून खांबांत उतरतो, आणि बाहेर ढकलणारा जो जोर उरतो तो बाहेरून दिलेल्या टेकूभिंती पेलतात. कमानही गोल नाही, वर टोक असलेली. बाबा तिला नमस्काराची कमान म्हणत. जोडलेल्या हातांची बोटं भेटतात तशा तिच्या दोन बाजू वर भेटतात आणि एकमेकींवर रेलून उभ्या राहतात. मात्र त्या रेलेपर्यंत खाली लाकडी साचा लागतो, आणि दगडांमधला चुना घट्ट व्हावा लागतो. चुन्याला घाई खपत नाही. बाबांना इतर बाबतीत धीर म्हणून नव्हता, चुन्याच्या बाबतीत मात्र ते साधू होते.

आमच्या घराण्यात कमानीची एक रीत होती. साच्याच्या खांबांखाली लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. त्या सैल केल्या की साचा खाली बसतो आणि कमान प्रथमच आपल्या पायांवर उभी राहते. ही पहिली पाचर मिस्त्रीनं स्वतः मारायची, म्हणजे लाकडी मोगरीनं ठोकून सैल करायची, तीही कमानीच्या बरोबर खाली उभं राहून. आधी पाचरीला हळदकुंकू लावायचं. गिरजाघरातही बाबा ते लावत आणि पाद्री नेमका त्या वेळी खिडकीकडे बघत असे. भला माणूस होता.

मग ती दुसरी मोठी जागतिक लढाई पेटली. खमरियाला दारूगोळ्याचा नवा कारखाना उठला, शहरात जिकडे तिकडे लॉऱ्या आणि लोखंड. तोफगोळ्यांच्या पेट्यांना लाकूड पुरेना. गिरजाघराचं कंत्राट होतं भय्यासाहेबांकडे, आणि पेट्यांसाठी लाकूड पुरवण्याचं कंत्राटही त्यांनीच पटकावलेलं. जुनं घराणं, पूर्वजांनी भोसल्यांची चाकरी केलेली, आणि बोलण्यात अजून तोच तोरा. शेवटच्या, सगळ्यांत उंच कमानीच्या दोन बाजू नुकत्याच वर जुळल्या होत्या. तिच्या साच्याचं सागवान भय्यासाहेबांच्या डोळ्यांत भरलं.

"उद्या साचा काढ," ते म्हणाले.

"चुना ओला आहे," बाबा म्हणाले. "आता हा थंडावा जाऊ द्या, उन्हाळा लागू द्या. मग काढतो."

"उन्हाळ्यापर्यंत लढाई थांबून राहते का बे तुझ्यासाठी? लाकडं फॅक्टरीत पाहिजेत, अर्जंट."

"मग दुसरी आणा."

भय्यासाहेब सगळ्या गवंड्यांसमोर हसले. "अच्छा! म्हणजे डरून राहिला तू. सीधा बोल ना. आपल्याच कमानीवर भरोसा नाही मिस्त्रीला!"

झालं. यापुढे बाबांना शहाणपण सांगायला देव उतरला असता तरी उपयोग नव्हता. "उद्या काढतो," ते ओरडले. "मीच मारतो पाचर, मीच उभा राहतो खाली. पडली तर माझं मढं बाजूला करा आणि न्या तुमची लाकडं!"

मला विचाराल तर त्या क्षणी भय्यासाहेबांच्या कानाखाली वाजवायला हवी होती. तिथे खरा राग कामाचा होता. पण आपल्या पुरुषांचा राग असा विचित्र, की समोरच्या नालायक माणसाला सोडून तो घरच्यांच्या मुळावर येतो. ज्याला दुखवायचं त्याचं काही जाणार नव्हतं. पडली असती कमान, तर भय्यासाहेबांनी दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री आणला असता. विधवा माझी आई झाली असती.

बाबा घरी आले. जेवले, झोपले. सकाळी हळदकुंकवाची पुडी खिशात घालून गेले. आईला कळलं ते नळावर. पुंडलिक म्हणून एक गवंडी बाबांच्या हाताखाली होता, त्याच्या बायकोनं सांगितलं. आईनं भरलेली घागर तिथेच ठेवली आणि ती तशीच ओल्या लुगड्यानं छावणीकडे चालत निघाली. तिच्याबरोबर कुणी गेलं नाही. पुढचं मी पुंडलिककाकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. तेराव्याला इतरांबरोबर न हसणारा तो एकटाच माणूस.

आत सगळे भिंतीकडेला सरकून उभे होते. भय्यासाहेब तर दाराबाहेर. बाबा कमानीखाली एकटे, हातात मोगरी, पाचरीला कुंकू लावून झालेलं. आई सरळ आत गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू काहून आली इथं?"

"तुम्ही काहून उभे आहात?"

"ही आमची रीत आहे. बाजूला हो अनसूये."

"रीत पक्की कमान झाल्यावरची आहे. ओल्या चुन्याची रीत मी ऐकली नाही."

"बाजूला हो म्हटलं ना!"

"मी नाही होत. तुम्ही मारा."

बाबांनी मोगरी उचलली. पुंडलिककाका म्हणायचे, त्यांचा चेहरा असा झाला होता की आता हा पाचरीवर मारतो की बायकोवर, ते कळेना. आई वर बघतही नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. मग बाबांनी मोगरी दूर भिरकावली, ती खांबाला लागून फुटली, आणि ते तरातरा बाहेर पडले. दारात भय्यासाहेब म्हणाले, "वा! बायकोच्या पदराआडचा मिस्त्री!"

पुढे भय्यासाहेबांनी दुसऱ्या मजुरांकडून पाचरींना दोर बांधून घेतले आणि ते लांबून ओढायला लावले. खाली कुणी नव्हतं. कमान थोडी बसली, टोकाशी एक भेग गेली, आणि तरली. आजही उभी आहे. लोक तिच्याखाली फोटो काढतात.

पडली असती तर बाबा शहाणे ठरले असते. ती तरली आणि ते भित्रे ठरले, तेही बायकोमुळे. त्यांनी मिस्त्रीकाम सोडलं. कारखान्यात पेट्या ठोकायच्या कामावर लागले, आणि चुन्याचे डाग पडलेल्या त्याच सागवानी फळ्या त्यांच्यापुढे आल्या. पुढे रांझीला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, माझं लग्न झालं, आणखी दोन लढाया झाल्या. आईला त्यांनी पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. भाजी खारट झाली, कपाट उघडं राहिलं, काहीही झालं की "हिनं माझी इज्जत घालवली" हे ठरलेलं. आई ऐकून घ्यायची आणि मला तिचाही राग यायचा.

तेरावं आटोपल्यावर, भांडी घासता घासता मी तिला विचारलंच. "कशाला गेली होतीस तिथे? ती कमान पडणार नव्हती. उगाच जन्मभर बोलणी खाल्लीस."

"पडते की नाही ते मला काय माहीत? त्यांना तरी कुठं माहीत होतं?" आई म्हणाली. "आणि मी काही त्यांना वाचवायला नव्हती गेली. रागच आला होता मला. त्या भय्यासाहेबावरच्या रागात हा माणूस जीव द्यायला निघाला, आणि घरी कुणी आहे हे त्याच्या ध्यानातच नाही. म्हटलं, समोर जाऊन उभी राहते. तेव्हा तरी ध्यानात येते का पाहते."

"मग?"

"मोगरी उचलली होती ना त्यांनी. तू ऐकलं असशील."

"हो. आणि फेकून दिली."

"फेकली. पण पाचरीवर नाही मारली." आईनं हातातलं पातेलं विसळून पालथं ठेवलं. "मी खाली होती म्हणून नाही मारली. एवढं एकदा पाहायला भेटलं मला. त्याच्यावर निभावून नेलं सगळं."

ती हे अभिमानानं सांगत होती. मला मात्र त्या भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर रडू फुटलं, रागानं. नवऱ्यानं आपल्याला चिरडलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझ्या आईनं अख्खा जन्म काढला होता.