औषध नव्हे, पाहुणी

सकाळचे सव्वाआठ. कुपी फ्रीजरबाहेर काढून वीस मिनिटं झाली होती आणि पेशंटचा पत्ता नव्हता.

मी खालापूरकडच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात रिसर्च नर्स आहे. कुपीत जिवंत विषाणू होता. एरवी तो उणे ऐंशी डिग्रीत झोपलेला असतो. फ्रीजर उघडला की पांढरी वाफ जमिनीवर उतरते. जानेवारीत खिडकीबाहेरही तसंच धुकं; क्षणभर आत कुठलं नि बाहेर कुठलं, कळत नाही. विषाणू एकदा वितळला की काही तासांत वापरायचा, परत गोठवायचा नाही. म्हणून पेशंट दारात दिसल्याशिवाय कुपी काढायची नाही, असा नियम. पण कडावच्या भागीरथीआजी म्हणजे आठच्या आधी बाकावर हजर. त्या भरवशावर मी नको तो शहाणपणा केला.

“कोणी सांगितलं होतं काढायला?” मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त लागतं.

“कोणी नाही, मॅडम.”

“ही वाया गेली तर या डोसची एकच कुपी उरते. दुसऱ्या डोसची मुदत उद्या संपते. आजी आल्या नाहीत तर त्या ट्रायलमधून बाहेर.”

बाहेर म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आजींच्या टाचेवरचा काळा कॅन्सर काढला होता. वर्षभरात त्याच पायाच्या पोटरीवर चार काळ्या गाठी उठल्या. ही ट्रायल नाही तर पाय गुडघ्यावरून कापायचा. आणि आजींचं एकच पालुपद, “भाताच्या लावणीला उभी रायली नाय, तर मी कशाची गं?”

उपचार सांगायला सोपा आहे. सौम्य केलेला विषाणू सुईने थेट गाठीत सोडायचा. तो कॅन्सरच्या पेशीत शिरतो, आत वाढतो, आणि पेशी वाळक्या शेंगेसारखी तडकते. त्या गडबडीने शरीराचे पहारेकरीही जागे होतात. चांगल्या पेशी त्याला सहसा थारा देत नाहीत.

आजींचा फोन बंद. मी स्कूटी काढली. कडावच्या वाटेला राजनाला कालव्याचं पाणी सुटलं होतं, उन्हाळी भाताची खाचरं भरून आभाळ झाली होती. धुक्यात बायका वाकलेल्या. पाय दिसत नव्हते, नुसती लुगडी पाण्यावर तरंगत होती. मी इतकी हरवले की वळण चुकले.

आजींच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा होता. सून सुनंदा ओट्यावरच आडवी आली.

“सिस्टर, आत येव नका. घरात बया हाय.”

बया म्हणजे अंगावर फोड उठवणारी देवी. गोवर, कांजिण्या काही आलं तरी इकडची जुनी माणसं तसंच मानतात. पहिल्या डोसनंतर आजींना ताप आला, गाठीवर फोड उठला. हे अपेक्षितच होतं. पण बया घरात असली की औषध नाही, सुई नाही, फोडणी नाही, उंबरा ओलांडायचा नाही. खपली पडली की मंगळवारी दहीभाताने पाठवणी. आणि त्या दिवशी होता शुक्रवार!

“हे कुणी घातलं तुमच्या डोक्यात?” माझा पारा चढला.

“तुमीच की! देवीच्या लशीतला जंतू हाय म्हनलात. सासूबायच्या दंडावरचा जुना वण पन दाखवलात.”

झालं! करायला गेले काय आणि झालं काय. समजावण्याची भारी हौस मला.

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही. भाषण माझ्या जिभेवर आलं होतं. पण दोरीवर आजींचा टॉवेल वेगळा दिसला, ताट वेगळं. नातीला मामाकडे पाठवलेलं. जखमेच्या पट्ट्या खड्ड्यात पुरलेल्या. विषाणू दुसऱ्याला लागू नये म्हणून आम्ही छापील कागद देतो आणि लोक त्यात भजी बांधतात. इथे एकही नियम मोडला नव्हता. मी भाषण गिळलं आणि ओट्यावर बसले.

आतून आजींचा आवाज आला. “पोरी, रोज पहाटे सपान पडतं बघ. मी चिखलात उभी हाय, लावणी करतेय. पाय दिसत नाय. मी इचारते, हाय का गं पाय? तर बया म्हनते, हाय.”

“आजी, खरं सांगते. ही देवी नाही, जंतू आहे. उद्या सुई नाही घेतली तर पाय जाईल.”

“तुजं तू म्हन, माजं मी म्हनेन. सुईत औषध काय हाय?”

“औषध नाही. तोच जंतू. पुन्हा.”

आत मग खाट करकरली.

“अगं, मंग आदी सांगायचं नाय का! औषध चालत नाय. तिची बहीन येतेय, तर तिला आनायला जायाला नको? सुनंदे, लुगडं काढ!”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सकाळची कुपी तोवर बाद झाली होती; उद्या आठला या, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी आजी बाकावर होत्या, हातात निंबाचा डहाळा. मॅडमनी तो काचेबाहेर ठेवायला लावला, पण आजींना दिसेल असा. कुपी मी त्यांना डोळ्यांनी पाहिल्यावरच काढली.

पुढचे डोस वेळेवर झाले. तीन गाठी सपाट झाल्या, चौथी ऐकेना, ती कापून काढली. बरं झालं असं आम्ही अजून म्हणत नाही. तपासण्या चालू आहेत. मी मात्र एक शिकले. आता समजावण्याआधी मी विचारते, “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” आणि गप्प बसते. त्याचाच त्रास होतो.

वर्षभराने, यंदाच्या जानेवारीत तपासणीची तारीख सांगायला कडावला गेले. धुकं तसंच, खाचरं तशीच. बायकांच्या रांगेत आजी गुडघाभर चिखलात. मला बघून सरळ झाल्या आणि मिश्कीलपणे ओरडल्या, “हाय का गं पाय?”

पाण्यात काही दिसत नव्हतं. मी बांधावरून बोंबलले, “हाय, आजी! दोनी हायत!”