फ्लॉरेन्समध्ये मी जिंकलेली पर्स

माझ्या नवऱ्याने मला फसवलं. फ्लॉरेन्स शहरात, दिवसाढवळ्या, पोटच्या मुलीला सामील करून. मला ते कळलं त्यांच्या तेरवीनंतर.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीसुद्धा. दीड महिन्यापूर्वी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. ते शाळेत शिकवत आणि मी साड्या विकत असे. नागपूरहून गठ्ठे आणून पिपरी मेघे गावात दारोदार फिरले, तेव्हा कुठे वर्ध्यात दुकान उभं राहिलं. भाव पाडून घेणं हा माझा धंदा आणि स्वभावही. मास्तर मात्र विकणारा सांगेल तो भाव खरा मानणारे.

आमची मुलगी मानसी नोकरीसाठी इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि गेल्या वर्षी तिने आम्हाला बोलावलं. तिथल्या खाण्याचं गणित मला पहिल्याच दिवशी कळलं. कॉफी बसून प्यायली तर महाग, उभ्याने स्वस्त. आम्ही उभ्याने प्यायलो. दारात पदार्थांचे फोटो लावलेलं हॉटेल दिसलं की पुढे चालायचं, आणि कामावरची माणसं दुपारी गर्दी करतात तिथे शिरायचं. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाजी घातलेली दाट आमटी तिथे पोटभर मिळाली. सोबतचा पाव मात्र अळणी. मास्तरांनी खिशातून जवसाच्या चटणीची पुडी काढली. म्हणाले, "काऊन वं शालू, या लोकायले मीठ मिळत नाई का?"

खरेदीचं मात्र जमेना. "आई, दुकानात भाव ठरलेले असतात, वाद घालजो नको," असं मानसीने बजावलेलं. दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी बापलेक सकाळी पाव आणायला गेले आणि बऱ्याच वेळाने आले. दुपारी मानसीने मला एका चामड्याच्या दुकानात नेलं. तिने एक तपकिरी पर्स दाखवली. मी सरळ अर्धा भाव सांगितला. म्हाताऱ्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. मी दारापर्यंत गेले... त्याने हाक मारली. पर्स माझी झाली. मानसी माझं बोलणं त्याला सांगताना खाली बघत होती. मला वाटलं, लाजतेय.

"तुह्यापुढं इटलीही टिकली नाई," मास्तर म्हणाले. पुढे वर्षभर मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. मास्तर दुकानात बसलेले असले तर आठवण करून देत, "दारापर्यंत गेलती, ते सांग."

तेरवीनंतर मानसी परत निघाली, तेव्हा मी ती पर्स तिच्या हातात दिली. ती रडायलाच लागली.

"आई, त्या दिवशी सकाळी आम्ही त्याच दुकानात गेलतो. बाबानं या पर्सचे वरचे अर्धे पैसे आधीच देऊन ठेवले. मले म्हणे, ती हरलेली पाहवत नाई. अन् दुकानदाराले सांगाले लावलं, लवकर मानू नको, नाईतर तिले संशय येईन."

"अन् तू मले आज सांगून राह्यली?"

"बाबानं शपथ घातलती."

मी पर्स पलंगावर फेकली. असा संताप आला, आणि भांडायला माणूस नाही.

आता दुसरंच डोक्यात घोळतं. वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन मी पुढे निघाले की मास्तर म्हणत, "तू हो पुढं, मी आलोच." कशासाठी थांबत होते ते?

ज्या भाजीवाल्यांनी, फळवाल्यांनी माझ्या पाठीमागे मास्तरांकडून वरचे पैसे घेतले असतील, त्यांनी माझ्या दुकानात यावं. पैसे मी मागणार नाही. पण तिथे थांबून मास्तर माझ्याबद्दल काय बोलत होते, ते एकेकाने मला तोंडावर सांगावं. त्याचा जाब घेतल्याशिवाय मी कुणालाही सोडणार नाही.