सुजाताची पहिली मोटर

कोल्हापूरला उतरलो तेव्हा अकोल्यापासूनची पाठदुखी सोबत होती आणि डोक्यात एक पक्कं मत होतं. आयटीआयमध्ये मी आयुष्यभर पोरांना वीजकाम शिकवलं. दुकानात शिकाऊ म्हणून राहणारी पोरं झाडू मारतात नि चहा आणतात, असं ते मत. "मामा, एकदा बघून तरी या," म्हणत भाच्यानं मला त्याच्या ओळखीच्या रफीकभाईंकडे धाडलं होतं.

वाटेत लोणी डोसा खाल्ला. पहिल्यावरचं लोणी वितळायच्या आत दुसरा मागवला. डॉक्टरांना हे कळवायचं काही कारण नाही.

रफीकभाईंचं दुकान शाहूपुरीतल्या एका गल्लीत. जळालेल्या मोटरची तार काढून नवी भरायची, हा धंदा. आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं आणि एका मोटरपाशी वाकलेली सुजाता. ही शाहूवाडीकडची मुलगी इथं काम शिकत होती.

"हिनं एकटीनं भरलेली पहिली मोटर हाय ही," रफीकभाई म्हणाले. "आज गडमुडशिंगीत बसवायची. चालली तर उद्यापास्नं हिची गिऱ्हाइकं हिनं बघायची. न्हाय चालली तर परत तारेखाली घालायचे कागद कापत बसायचं."

"आणि तुम्ही?"

"मी चहा पिणार. पहिल्या मोटरला शिकवणाऱ्यानं हात लावायचा न्हाय, आमच्या दुकानात असंच हाय."

टेम्पोत मोटर चढवली आणि आम्ही तिघं निघालो. गाव जवळ आलं तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला. शेतमालक तानाजीराव विहिरीवर (तिथल्या भाषेत हिरीवर) वाट पाहत होते. मोटर कुणी भरली हे कळताच त्यांचा पारा चढला.

"ऊस वाळाय लागलाय माझा. पोरीबाळींनी शिकायला माझीच हीर घावली व्हय?"

रफीकभाई चहाचा थर्मास घेऊन झाडाखाली जाऊन बसले. सुजातानं मोटर बसवली, वायरी जोडल्या, पंपात पाणी भरलं आणि बटण दाबलं. मोटर झकास सुरू झाली, पण पाइपातून पाणी आलं करंगळीएवढं.

"म्हटलं न्हवतं?" तानाजीराव गरजले.

माझ्या लक्षात चूक आली होती. मी तोंड उघडणार, तोच रफीकभाईंनी हातात कप दिला. "पावणं, चहा गार व्हतोय."

मी चूक न सांगता चहाचा घोट घेतला. मला ते फार जड गेलं.

सुजाताचा चेहरा उतरला. तिनं मोटर बंद केली. मग पंपाशी उकिडवी बसली, त्यावरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पाहिला, क्षणभर मोटर लावून तिचा मागचा पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते पाहिलं. मेन स्विच पाडून ती सरळ तानाजीरावांकडे आली.

"मोटर चांगली हाय. उलटी फिरतीय. दोन वायरींची अदलाबदल झाली, माझ्याकडनंच."

वायरी बदलून तिनं पुन्हा बटण दाबलं. पाइप दोनदा खोकला आणि पाण्याचा असा लोट आला की माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

तानाजीरावांनी त्या पाण्यानं तोंड धुतलं. "रफीकभाई, बारक्या हिरीवरची बी मोटर जळलीया."

"मला काय सांगता?"

तानाजीरावांनी ओला चेहरा पुसला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, कधी नेताय?"

सुजातानं आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. "आत्ताच काढते की," ती म्हणाली.

परतताना टेम्पोत दुसरी मोटर होती. रफीकभाईंनी विचारलं, "भ्यालीस व्हय?"

"भ्याले की. पण तुम्ही होता."

"मी कुठं? मी चहा पीत व्हतो."

अकोल्याच्या गाडीत बसल्यावर बायकोचा फोन आला. कोल्हापुरात काय काय पाहिलं, तिनं विचारलं. एका मुलीला मिस्त्री होताना पाहिलं, मी म्हणालो, आणि बाकीचं सगळं पाहायचं राहून गेलं.