वय बावन्न

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी अहमदपूरकडच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायचो. एक म्हातारा दर सोमवारी खिडकीशी यायचा. कपाळावर भस्म, तोंडात एकच दात, आणि हसताना तो आधी पुढं करायचा.

"वय?"

"लिव बाबा, बावन्न."

"मामा, तुमचा पोरगा बावन्नचा असंल."

"त्याचं त्यो लिवंल की."

एकदा त्यानं खरं सांगितलं होतं, सत्तर. डॉक्टरांनी कागदावरचा आकडा पाहिला आणि ‘वय झालं आता, चालायचंच’ म्हणून वाटेला लावलं. पुढल्या सोमवारी तेच गुडघे घेऊन हा बावन्नचा होऊन आला. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, गोळ्या दिल्या, वर गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढायला लातूरची चिठ्ठी दिली.

मग हा गप्प बसतोय होय! टँकरच्या रांगेत त्यानं ही गोष्ट एकूण एक म्हाताऱ्याच्या कानावर घातली. महिनाभरात माझ्या रजिस्टरात बावन्नच्या वरचं कुणी उरलं नाही. काठी टेकत आलेली एक आजीसुद्धा लाजत "बावन्न" म्हणाली. मीही मुकाट लिहीत गेलो.

लातूरहून आरोग्य खात्याचे साहेब दवाखान्याच्या तपासणीला आले. रजिस्टर चाळून चक्रावलेच. "इथं बावन्नच्या पुढं कुणी आजारी पडत नाही की काय?"

मी पेनाचं टोपण लावू लागलो. बाकावरून म्हातारा म्हणाला, "पडतंय की साब. पण बावन्नच्या पुढं इथं औषध न्हाई."

साहेबांशेजारी उभ्या डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा कागद सोडून त्याच्या तोंडाकडं पाहिलं.